वर्षाचं धान्य भरताय? मग बुरशीचं आधी बघा

एप्रिल-मे आला की पुण्यात घरोघरी मार्केट यार्डातनं गहू-ज्वारीची पोती येतात, मग एरंडेल चोळा, कडुलिंबाचा पाला टाका, सगळं किड्यांसाठी. पण कीड निदान दिसते तरी, बुरशीचं विष दिसत नाही, वास येत नाही आणि कुकरच्या शिट्ट्यांनी ते मरतही नाही. अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला, लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो त्याने. आपल्याकडे धान्यात त्याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्यांनी ओळखायचा प्रश्नच नाही. म्हणून जे करायचं ते आधीच.

१. घेताना: वरचा माल बघून पैसे देऊ नका, पोत्यात कोपरापर्यंत हात घाला आणि तळातली मूठ काढून वास घ्या. कुबट आला तर नको. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे, दबला तर ओला आहे. खरिपाची ज्वारी कणसात भिजली की दाणे काळे-गुलाबी पडतात, ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. १९९५ ला आंध्र-कर्नाटकातल्या गावांमध्ये अशीच भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, जुलाब झाले होते. रब्बीची मालदांडी पाऊस सरल्यावर येते, तिला हा धोका बराच कमी.

२. वाळवणं: गच्चीवर चादर टाकून पातळ पसरा, दोन-तीन कडक उन्हं द्या. वाळलं का ते असं बघा, कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि थोडं कोरडं मीठ घालून चांगलं हलवा, मीठ काचेला चिकटलं तर अजून ओल आहे, परत उन्हात. आणि गरम धान्य लगेच पिंपात भरू नका, झाकणाला आतून घाम येतो आणि तेच पाणी खाली टपकतं, बुरशी तिथूनच धरते. रात्रभर गार होऊ द्या.

३. ठेवणं: पिंप फळीवर, भिंतीपासून लांब. पावसाळ्यात रोज उघडू नका, महिन्याचं काढून डब्यात घ्या, दळणही थोडंथोडंच.

४. शेंगदाणे: याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या प्लीज. कूट करायच्या आधी ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळी बुरशी आलेले दाणे काढून टाका, भाजल्यावर रंगात काही कळत नाही. खाताना कडू लागला तर थुंका, पोरांनाही तेच शिकवा. बाजरीत काळ्या लांबट गाठी दिसल्या तर ती अरगट नावाची बुरशी, मिठाच्या पाण्यात टाकली की गाठी तरंगतात, त्या काढून दाणे नीट धुवून वाळवा.

५. बुरशी आलीच तर: गोळे झालेलं धान्य धुवून-वाळवून वापरू नका, विष आत राहतंच. १९७४ ला गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत बुरशी आलेला मका खाऊन कावीळ पसरली, शंभरावर माणसं गेली. गोठ्यातही देऊ नका, गाईने खाल्लं की ते दुधात उतरतं. पिशवी घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात टाका, पिंप घासून उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच परत भरा.