हंबकर बदलताना: काय मोजायचं, काय ऐकायचं

नवा हंबकर (इलेक्ट्रिक गिटारचा दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा भाग) घेण्याआधी जुन्याबद्दलची तक्रार एका वाक्यात लिहून काढा. "आवाज चांगला नाही" एवढ्याने काम भागत नाही. "गेन वाढवला की ब्रिजवर जाड तारांचा नुसता गाळ होतो", "नेकवर कॉर्ड वाजवली तर एकेक सूर वेगळा ऐकू येत नाही", "क्लीन आवाजात ब्रिज कानाला टोचतो" अशी नेमकी तक्रार हवी. (ब्रिज म्हणजे तारा टेकतात त्या टोकाजवळचा पिकअप, नेक म्हणजे मानेजवळचा; गेन वाढवला की आवाज फाटतो, क्लीन म्हणजे न फाटलेला आवाज.) पुढची सगळी निवड या वाक्यावर उभी राहते. पुष्कळदा ते लिहिताना लक्षात येतं, की दोष पिकअपचा नव्हताच.

म्हणून आधी आहे तोच पिकअप नीट वाजवून बघा. नव्या तारा चढवा. मग पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या (पिकअपमधल्या, तारेखालच्या लोखंडी खुंटीच्या) डोक्यापर्यंतचं अंतर मोजा. सुरुवातीला ब्रिजला १.६ मिमी आणि नेकला २.४ मिमी ठेवा. नेकचा आवाज चिखलासारखा येत असेल तर पिकअप ३ मिमीपर्यंत, जाड तारांच्या बाजूने आणखी थोडा खाली न्या. मग पोलचे स्क्रू अर्धा ते एक फेरा वर काढा. तारेजवळ स्क्रू राहतात, बाकीचा पिकअप दूर जातो आणि सूर सुटे होतात. हा उपाय न करताच नवा पिकअप मागवण्याची घाई बरेच जण करतात.

यानंतर मागचं झाकण उघडून पॉट (व्हॉल्यूम किंवा टोनच्या बटणाखालचा, फिरवून बदलणारा रेझिस्टर) तपासा. हंबकरला साधारणपणे ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट लावतात. काही गिटारींत मात्र ३०० किंवा २५० किलोओहमचा पॉट असतो आणि तो वरची चमक खातो. पॉट मोजताना पिकअपची तार त्याच्या पायापासून सोडवा, नाहीतर मल्टिमीटर पॉटऐवजी पिकअपच मोजेल. सिलेक्टर (पिकअप निवडायचा स्विच) त्याच पिकअपवर ठेवा आणि पॉटच्या बाहेरच्या दोन पायांमधलं रीडिंग घ्या. पॉटमध्ये २० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतात, म्हणजे ५०० लिहिलेला पॉट ४०० चाही निघतो आणि ६०० चाही. नेकचा आवाज दबका असेल तर जास्त किलोओहम भरलेला पॉट तिकडे लावा. ब्रिज टोचत असेल तर कमी किलोओहमचा तिथे बसवा. एवढ्यानेच समाधान झालं तर पिकअप बदलू नका.

आकड्यांचं काय करायचं

पिकअपच्या माहितीत सगळ्यात ठळक छापलेला आकडा म्हणजे डीसी रेझिस्टन्स, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याचाच. "१६ किलोओहम म्हणजे ८ च्या दुप्पट आउटपुट" असं नसतं. हा आकडा फक्त गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचा विरोध सांगतो. तार बारीक झाली की वेढे तेवढेच राहूनही विरोध वाढतो. ४४ गेजच्या तारेचा विरोध तेवढ्याच लांबीच्या ४२ गेजच्या सुमारे दीडपट असतो (गेजचा आकडा मोठा, तेवढी तार बारीक). तपमानानेही आकडा हलतो. तांब्याचा विरोध दर अंशाला ०.४ टक्के वाढतो, म्हणजे १० अंशांच्या फरकाने ८ किलोओहमचा पिकअप ८.३ दाखवतो. त्यामुळे ७.९ आणि ८.१ यांची तुलना करत बसू नका. तारेचा गेज आणि चुंबक सारखे असतील तेव्हाच रेझिस्टन्सची तुलना करण्यात अर्थ आहे.

मोजपट्टी म्हणून मूळ हंबकर डोळ्यांसमोर ठेवा. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून तो गिटारींत दिसू लागला. मागच्या 'पेटंट अप्लाइड फॉर' या चिठ्ठीवरून त्याला पीएएफ हे नाव पडलं. ४२ गेजची तार, प्रत्येक कॉइलला सुमारे ५,००० वेढे, अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा) चुंबक आणि साधारण ७ ते ९ किलोओहम. दोन कॉइल उलट दिशेने जोडलेले आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट, म्हणून बाहेरून आलेली घरघर एकमेकांना छेदते आणि तारेचा आवाज मात्र जुळून दुप्पट होतो. आजही 'व्हिंटेज' म्हणून विकला जाणारा हंबकर याच हिशेबाने बनवलेला असतो.

माहितीत इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइल करतो तो विरोध, हेन्रीत मोजतात) दिला असेल तर रेझिस्टन्सपेक्षा त्यावर विश्वास ठेवा. पीएएफ जातीचा पिकअप ४ ते ५ हेन्रीच्या आसपास असतो, तर जोरदार पिकअप ८ च्या घरात जातो. इंडक्टन्स वाढला की पिकअपचा स्वतःचा उठाव खालच्या पट्टीत सरकतो. मग मधला आवाज पुढे येतो आणि वरची धार जाते. लांब केबलही हेच करते, कारण तिच्या दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. ६ मीटरच्या केबलने पिकअप दबका वाटत असेल तर ३ मीटरच्या केबलने ऐकून बघा.

चुंबकांबद्दल ढोबळ अंदाज ठेवायला हरकत नाही. अल्निको २ मऊ, थोडा ढिला बेस, गोलसर ट्रेबल. अल्निको ५ खणखणीत, बेस घट्ट. सिरॅमिक सगळ्यात आवळलेला आणि थेट. मात्र चुंबक एकटा काही ठरवत नाही. कमी वेढ्यांचा सिरॅमिक पिकअप अगदी स्वच्छ वाजू शकतो, आणि भरपूर वेढ्यांचा अल्निको ५ जाडजूड.

तक्रारीवरून निवड

जास्त गेनवर ब्रिजचा गाळ होत असेल तर आणखी जोरदार पिकअप घेणं ही नेहमीची चूक. आवाज आधीच कोंडलेला असतो, त्यात अधिक सिग्नल ढकलून तो मोकळा होत नाही. इथे मध्यम वेढ्यांचा, घट्ट बेसचा, अल्निको ५ किंवा सिरॅमिकचा पिकअप शोधा. गेन अँपवरून किंवा पेडलवरून घ्या.

क्लीनवर ब्रिज टोचत असेल तर अल्निको २ किंवा थोडे जास्त वेढे असलेला पिकअप घ्या. सेमूर डंकन या पिकअप कंपनीचा जेबी हा १६ किलोओहमच्या वरचा, अल्निको ५ चा पिकअप जास्त वेढ्यांचं उदाहरण आहे. पण त्याचा वरचा मधला पट्टा एखाद्या उजळ गिटारीत खुपतो आणि म्हणून काही जण त्याला मुद्दाम २५० किलोओहमचा पॉट लावतात. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीचा १९७२ चा सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकचा, १३ किलोओहमच्या वर. जाड आणि पुढे येणारा आवाज हवा असेल तर तो. झगझगीत क्लीनसाठी तो घेऊ नका.

नेकला कमी वेढ्यांचा पिकअप लागतो, कारण तिथे तार जास्त हेलकावते आणि सिग्नल मुळातच मोठा येतो. नेकला ७.५ आणि ब्रिजला ८.५ किलोओहम ही एकाच गेजच्या तारेतली जोडी समतोल राहते. ब्रिजला जेबी आणि नेकला डंकनचाच '५९ ही जुनी जोडीही याच तत्त्वावर चालते. दोन्हीकडे एकच पिकअप बसवला तर नेक नेहमी ब्रिजवर कुरघोडी करतो.

मापं

पोलांमधलं अंतर मोजा. पिकअप असेल त्याच जागी, त्याच्यावरून जाणाऱ्या दोन ई तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी धरा. हे अंतर ४९ ते ५० मिमी आलं तर नेहमीचा पिकअप बसतो. ५२ ते ५३ मिमी आलं (बहुतेक फ्लॉइड रोझ ब्रिजवर तेवढंच असतं) तर रुंद अंतराचा, ज्याला एफ-स्पेस्ड म्हणतात, तो मागवा. मिलिमीटरभर तार बाजूला गेली तर कानाला फारसं कळत नाही, डोळ्याला मात्र खुपतं. सलग पट्टीचे पोल असलेल्या पिकअपला हा प्रश्नच नाही.

पिकअप बसतो त्या खाचेची खोलीही मोजा. काही पिकअपचे पाय लांब असतात आणि उथळ खाचेत ते तळाला टेकतात, मग पिकअप खाली जातच नाही. धातूचं कव्हर हवं असेल तर निकेल-सिल्व्हरचं घ्या. पितळेच्या कव्हरमध्ये भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह जास्त उठतात आणि ट्रेबल बोथट होतो. मोठ्या आवाजात वाजवणार असाल तर मेणात बुडवलेला पिकअपच घ्या. मेण नसलेला पिकअप अँपजवळ किंचाळतो.

पिकअपमधून बाहेर येणाऱ्या तारा किती हेही आधीच ठरवा. एक तार आणि भोवती जाळी असलेला पिकअप फक्त एकाच पद्धतीने जोडता येतो. चार तारा आणि एक उघडी तार असेल तर कॉइल स्प्लिट करता येतं (दोनपैकी एकच चालू ठेवता येतो), दोन कॉइल पॅरललमध्ये (एकापुढे एक न जोडता शेजारी-शेजारी) लावता येतात, फेजही (सिग्नलची दिशा) उलटवता येतो. पॅरललमध्ये आवाज पातळ आणि स्वच्छ होतो, तरी घरघर येत नाही. स्प्लिट केलेला कॉइल मात्र एकटा पडतो आणि घरघरतो. दोन्ही पिकअप स्प्लिट करून सिलेक्टरच्या मधल्या जागी (दोन्ही पिकअप एकत्र चालू) शांत आवाज हवा असेल तर एकाचा स्क्रूचा आणि दुसऱ्याचा सपाट पोलचा कॉइल चालू ठेवा. होकायंत्र जवळ नेलं की त्यांचे ध्रुव उलट आहेत ना, ते लगेच कळतं.

जोडणी

रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी तार हॉट (सिग्नल नेणारी), लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी जोडायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. गिब्सनमध्ये लाल हॉट, हिरवी-पांढरी जोडायची, काळी आणि उघडी ग्राउंडला. अनोळखी पिकअप असेल तर मल्टिमीटरने तारांच्या जोड्या शोधा. एकाच कॉइलच्या दोन तारांमध्ये एकूण रेझिस्टन्सच्या निम्मा आकडा येतो, वेगवेगळ्या कॉइलच्या तारांमध्ये काहीच येत नाही.

जुनी जोडणी सोडवण्याआधी तिचे फोटो काढा आणि गिटारच्या अंगावर जाड कापड टाका. सगळ्यात त्रास होतो तो पॉटच्या पाठीवर ग्राउंडची तार बसवताना. ती पाठ धातूची आणि मोठी, ती उष्णता ओढून घेते. २५ वॉटचं पेन्सिलसारखं आयर्न तिथे मिनिटभर धरलं तर सोल्डर वितळत नाही, पण आतली कार्बनची पट्टी भाजून पॉट निकामी होतो. ४० ते ६० वॉटचं, छिन्नीसारख्या टोकाचं आयर्न ३७० अंशांच्या आसपास तापवा. पॉटच्या पाठीवर बोटाएवढी जागा सँडपेपरने चमकेपर्यंत घासा. आधी त्या जागेवर सोल्डरचं छोटं डबकं करा, तारेच्या टोकालाही सोल्डर चढवा, मग दोन्ही एकत्र तापवून तीन-चार सेकंदांत उचला. सोल्डर घट्ट होईपर्यंत तार अजिबात हलू देऊ नका. जोड पसरट आणि चकचकीत दिसायला हवा. मण्यासारखा गोल किंवा राखेसारखा मळका राहिला तर तो ड्राय सोल्डर आहे, आज वाजेल आणि एखाद्या दिवशी खरखरत बंद पडेल.

तारा चढवण्याआधीच तपासणी करा. जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या टिप (प्लगचं टोक) आणि स्लीव्हवर (प्लगचा बाकीचा दांडा) मल्टिमीटर लावा. ८ किलोओहमचा पिकअप ५०० च्या पॉटसह ७.८७ च्या आसपास दाखवतो. निम्माच आकडा आला तर एक कॉइल बाहेर पडला आहे, बहुधा जोडलेल्या दोन तारा कुठेतरी ग्राउंडला टेकल्यात. शून्य आलं तर हॉट शॉर्ट झाली आहे. ५०० किलोओहम आले तर पिकअपची तार तुटली आहे आणि मीटरला फक्त पॉट दिसतो आहे. मधल्या जागी दोन्ही पिकअप मिळून एकाच्या सुमारे निम्मा आकडा यायला हवा.

याच वेळी फेजही बघून घ्या. एका पिकअपवर मीटर लावलेला असताना लोखंडी स्क्रूड्रायव्हर दोन्ही कॉइलवर आडवा टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर चढेल किंवा उतरेल. दुसऱ्या पिकअपवरही तेच करा. दोन्हीकडे बदल एकाच दिशेने हवा. उलट झाला तर मधल्या जागी आवाज नाकातून आल्यासारखा आणि पोकळ येणार. चार तारांच्या पिकअपमध्ये हॉट आणि ग्राउंडच्या तारा अदलाबदल करा, उघडी तार मात्र ग्राउंडलाच ठेवा. जाळीच्या तारेचा पिकअप असेल तर ही अदलाबदल नको, कारण मग कव्हर आणि जाळी हॉट होऊन घरघर वाढते. तिथे चुंबक उलटा बसवावा लागतो.

ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप असलेल्या) हंबकरची गोष्ट वेगळी आहे. ईएमजी ८१ सारख्या पिकअपला ९ व्होल्टची बॅटरी, २५ किलोओहमचे पॉट आणि स्टिरिओ जॅक लागतो. बॅटरीला जागा आहे का ते आधी बघा. एकाच गिटारीत ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह मिसळू नका, कारण एकाच पॉटवर दोघांचंही भलं होत नाही.

काढलेल्या पिकअपची तार मुळाशी कापू नका, आहे तेवढी लांब राहू द्या. त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून रेझिस्टन्स, तारखेसह, लिहून ठेवा.