जर्मन पोलादी शिरस्त्राण विकत घेताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातले जर्मन शिरस्त्राण हातात आले, की बहुतेकांची नजर आधी बाजूवरच्या गरुडाच्या छापावर जाते. पहिली चूक इथेच होते, कारण संपूर्ण वस्तूत सर्वांत सहज नकली करता येतो तो हा कागदाहून पातळ छाप, आणि किंमत वाढते तीही त्याच्यामुळेच. पूर्णपणे बनावट शिरस्त्राणे सरावलेल्या नजरेला लवकर कळतात. जाणकारही फसतो तो पत्रा खरा, अस्तर खरे आणि छाप मात्र गेल्या वर्षी चिकटवलेला असतो तेव्हा. म्हणून तपासणी पत्र्यापासून सुरू करावी आणि छापाकडे अगदी शेवटी वळावे.

पत्र्याचा घाट स्वतःच आपला काळ सांगतो. १९३५ च्या नमुन्यात हवेच्या छिद्रात वेगळी कडी बसवलेली असते आणि काठ आत वळवलेला असतो. १९४० च्या नमुन्यात काठ तसाच राहिला, पण छिद्राची उठावदार कडा पत्र्यातूनच ठोकून काढली जाऊ लागली. ऑगस्ट १९४२ पासून खर्च आणि श्रम वाचवण्यासाठी काठ वळवणेच बंद झाले, त्यामुळे त्या नमुन्याची धार उघडी आणि किंचित बाहेर फाकलेली दिसते. आता हे छापाशी ताडून पाहावे. भूदलाच्या शिरस्त्राणावरील काळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांची ढाल मार्च १९४० मध्ये आणि गरुड ऑगस्ट १९४३ मध्ये बंद झाला. तेव्हा उघड्या धारेच्या, भूदलाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या शिरस्त्राणावर ढाल आणि गरुड दोन्ही झळकत असतील, तर विक्रेत्याने आपल्या आजोबांची कितीही हृद्य कथा सांगितली तरी पाकीट खिशातच ठेवावे. याच्या उलट, १९३५ च्या नमुन्यावर ढाल खरवडलेली किंवा रंगाखाली झाकलेली दिसली, तर तो दोष समजू नये. १९४० च्या आदेशानंतर जुनी शिरस्त्राणे अशीच बदलून घेतली गेली.

आतल्या डाव्या बाजूस कारखान्याचे अक्षर आणि माप ठोकलेले असते: ‘ईटी’ म्हणजे थाले गावचा कारखाना, ‘क्यू’ म्हणजे एस्लिंगेनचा क्विस्ट, ‘एनएस’ म्हणजे श्वेर्टे गावचा कारखाना. इथे नवखे लोक पत्र्याचे माप हेच डोक्याचे माप धरतात. ६४ मापाच्या पत्र्यात ५६ किंवा ५७ सेंटिमीटर डोक्याचे अस्तर बसते, ६६ च्या पत्र्यात ५८ किंवा ५९ चे, आणि अस्तराच्या धातूच्या पट्टीवर पत्र्याचे माप आणि डोक्याचे माप, हे दोन्ही आकडे असतात. पट्टीवरचे पत्र्याचे माप प्रत्यक्ष पत्र्यावरच्या आकड्याशी जुळले नाही, तर अस्तर मागाहून बसवले आहे. ठसा रंगकामाआधी मारला जात असे, म्हणून विजेरी तिरपी धरून पाहावे: रंग ठशाच्या खोबणीत उतरलेला दिसायला हवा. खोबणीच्या तळाशी चकाकणारे कोरे पोलाद दिसले, तर ठसा नवा आहे.

अस्तर धरून ठेवणारे तीन दुपाखी खिळे फारसे कोणी पाहत नाही. आतल्या बाजूला त्यांची पाती एकदाच वाकवलेली असतात. ती उघडून पुन्हा वाकवली, की बाकावर बारीक चीर पडते किंवा उघडी धातू चमकते. बाहेरून खिळ्याच्या डोक्याभोवती फिक्या रंगाचे वर्तुळ दिसले, तर तो खिळा जागचा हलला आहे. अस्तराच्या चामड्याला आठ पाकळ्या असतात, आणि घामाने ते सगळीकडे सारखे काळवंडत नाही. कपाळाशी अधिक, मागे कमी. चहाच्या पाण्यात बुडवलेले चामडे मात्र सर्वत्र एकाच तपकिरी रंगाचे दिसते.

परदेशी भावंडांचाही घोळ होतो. स्पेनने याच घाटाचे शिरस्त्राण स्वतः बनवले आणि त्याच्या पुढच्या बाजूस चिन्ह अडकवण्याची पट्टी असते, तर हंगेरीच्या शिरस्त्राणाला मागे कडी असते. हे भाग काढून, भोके बुजवून, वर राखाडी रंग मारला की जर्मन माल तयार होतो. पुढे आणि मागे आतून बोट फिरवले, तर बुजवलेली जागा हाताला लागते.

एवढे सगळे जुळले, की मग छाप पाहावा, तोही दहापट भिंगाखाली. आधुनिक छपाईचे रंगीत ठिपके दिसले, तर प्रश्न तिथेच संपतो. ठिपके नसतील, तर एखादा ओरखडा शोधावा: खऱ्या छापावर झिजेचा ओरखडा छाप आणि रंग दोन्ही कापत जातो, नव्याने चिकटवलेल्या छापाखालून मात्र रंगावरचा जुना ओरखडा अखंड पुढे जातो. जर्मनीत राहणाऱ्या मराठी संग्राहकांना एक वेगळीच अडचण येते. स्वस्तिकधारी गरुड उघड दाखवणे तिथे फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ खाली गुन्हा असल्याने बाजारात विक्रेते त्यावर पट्टी चिकटवून ठेवतात. ती पट्टी घाईने ओढली, तर खरा छापही निघून येतो. ती विक्रेत्यालाच काढायला सांगावे.

छायाचित्रांवरून व्यवहार करायचा असेल, तर देखण्या बाजूंची छायाचित्रे मागून उपयोग नाही. आतला डावा ठसा, मागच्या बाजूचा उत्पादन क्रमांक, अस्तराच्या पट्टीवरचे आकडे, हवेचे छिद्र आणि एका खिळ्याची वाकवलेली पाती, एवढी पाच मागावीत. अस्तर उघडून ठसा दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.