पेटीवाल्या हातांनी मोझार्ट बसवताना

मी अंबाजोगाईजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वीस वर्षं परिपाठाला पेटी वाजवतेय. मोझार्टच्या सी मेजर सोनाट्याचा (पियानोसाठीची काही भागांची रचना; मोझार्टच्या रचनांच्या यादीत क्रमांक के. ५४५) पहिला भाग मी दिवाळीनंतर हाती घेतला आणि पुढच्या कोजागिरीला आमच्या कॉलनीच्या गच्चीवर वाजवला. पेटी येते, पियानो खुणावतोय, पण गुरू जवळपास नाही, अशांसाठी हे लिहितेय.

हीच रचना का? मोझार्टनं ती २६ जून १७८८ला आपल्या वहीत ‘नवशिक्यांसाठी’ अशी नोंदवली. छापली गेली मात्र १८०५ साली, तो जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. पहिला भाग ७३ मापांचा (माप म्हणजे बार, इथं चार मात्रांचा एक खंड), मध्यम लयीत तीन मिनिटांचा. नोटेशन आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतं. आणि मोठ्या पियानोवाचून अडत नाही. मोझार्टच्या काळचे पियानो साधारण पाच सप्तकांचे होते, आपल्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डाएवढेच. फक्त कीबोर्डाला टच रिस्पॉन्स, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होण्याची सोय, हवा आणि तो चालू केलेला हवा. पेटीत जोर भात्यात असतो, बोट हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच येतो. इथं सगळा जोर बोटाच्या टोकात असतो. ही सवय लागायलाच मला महिना गेला.

आता डावा हात. पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला असतो. या रचनेत त्याला पहिल्या मापापासून काम आहे, म्हणून पहिले तीन आठवडे उजवा हात मांडीवर ठेवा. पांढरी एक म्हणजे सा धरलात, तर डाव्या हाताचं पहिलं माप असं आहे: सा प ग प, सा प ग प. दुसरं: रे प म प, सा प ग प. तिसरं: सा ध म ध, सा प ग प. चौथं: नी प रे प, सा प ग प, यातला नी मंद्र. सूर असे फोडून वाजवायच्या या रीतीला डोमेनिको अल्बर्टी या इटालियन संगीतकाराच्या नावावरून अल्बर्टी बेस म्हणतात. नोटेशनमध्ये एक चकवा आहे: सुरुवातीला खालच्या, डाव्या हाताच्या ओळीवरही ट्रेबल क्लेफच (वरच्या सुरांची खूण) आहे, म्हणजे डावा हातही मधल्या सप्तकात सुरू होतो. मी तो बास क्लेफ (खालच्या सुरांची खूण) समजून दोन दिवस भलतंच वाजवत होते.

आधी सूर फोडू नका. सा-ग-प एकदम दाबा, मग रे-म-प, सा-म-ध, नी-रे-प. हात डोळे मिटून जागेवर पडायला लागला की मगच फोडा. बोटं करंगळी, अंगठा, मधलं, अंगठा. बोटं उचलून आपटलीत तर दहा मापांत कोपरापर्यंत दुखायला लागतं. कुलपात किल्ली फिरवताना हात जसा वळतो, तसा हलकेच वळू द्या. बोटं नुसती त्याच्याबरोबर जातात. आणि हे अगदी हळू आवाजात वाजलं पाहिजे. माझा डावा हात पहिल्यांदा खरंच मागे राहिला, ते सासूबाईंनी टिपलं. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी मी बसायचे. त्या म्हणाल्या, “आज गाणं ऐकू यायलंय गं, रोज नुसती गिरणी चालायली होती.”

उजवा हात आपल्याला जवळचा वाटतो, सूर सगळे शुद्ध, बिलावलाचे: सा, ग प, नी, सा रे सा. पाचव्या मापापासून पळत्या सुरावटी येतात. तिथं अंगठा मधल्या बोटाखालून काढावाच लागतो. पेटीवर अंगठा चुकवून निभतं, इथं नाही. बोटांचे आकडे पेन्सिलीनं लिहा आणि रोज तीच बोटं वापरा. चौथ्या मापातला ट्रिल (शेजारचे दोन सूर भराभर आलटूनपालटून) वरच्या सुरापासून घ्या, म्हणजे मध्यमावर असला तरी पंचमापासून. पेडल जवळजवळ नकोच, सुरावट गढूळ होते.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६०वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. सलग तीन वेळा बिनचूक झालं की चारनं वाढवा. मी १००वर थांबले.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आपल्याकडे तानपुरा लागला की मैफल संपेपर्यंत सा हलत नाही. इथं सा घर बदलतो. चौदाव्या मापाच्या सुमाराला तीव्र मध्यम लागतो आणि पंचमच सा होऊन बसतो. २९व्या मापापासून त्याच घरात कोमल स्वरांची उदासी येते. आणि ४२व्या मापात मुखडा परत येतो, पण पांढऱ्या एकवर नाही, मध्यमावर! कोमल निषाद लागतो. पुढं त्या पळत्या सुरावटी डाव्या हातातही येतात. प्रत्येक घर बदलताना नवा सा गुणगुणून बघा, मगच हात लावा. हे कानाला कळलं नाही तर पाठांतर टिकत नाही.

मी ते आधी केलं नव्हतं. शाळेतल्या सहकाऱ्यांसमोर पहिल्यांदा वाजवताना ४२व्या मापाला हात सवयीनं पांढऱ्या एकवर गेले, पहिलं पान पुन्हा सुरू झालं आणि मला बाहेरची वाट सापडेना. घरी येऊन मी लातूरच्या एसटीसारखे सहा थांबे ठरवले: १, १४, २९, ४२, ५९ आणि शेवटची तीन मापं. चिठ्ठ्या टाकून जी निघेल तिथून वाजवायचं. महिनाभर रोज. चुकलं तर मागे फिरायचं नाही, पुढचा थांबा गाठायचा. डावा हात मात्र थांबवायचा नाही. भजनात टाळकरी चुकला म्हणून मृदंग थांबतो का?

कार्यक्रमाआधी आठवडाभर रोज एकदाच, हात न तापवता, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून सलग वाजवा. गच्चीवर आवाज उडून जातो, तेव्हा स्पीकर लागतो. लाइट जाते, तेव्हा कीबोर्डात सेल घालून ठेवा. कागदांना कपड्यांचे चिमटे लावा. सुरू करण्याआधी मनात पाचवं माप म्हणा आणि त्याची लय घ्या. मुखडा सोपा आहे, त्यावरून लय घेतलीत तर सुरावटीत दम लागतो.

मी आधी लोकांना दोनच गोष्टी सांगितल्या: रचना कुणाची, आणि यात सा घर बदलतो. मग वाजवलं. दोन ठिकाणी सूर निसटले, थांबले नाही. दूध वाटताना भजनी मंडळातले मृदंगवाले काका जवळ आले. म्हणाले, “ताई, मुखडा दुसऱ्यांदा आला तो मध्यमावर आला ना? मला वाटलं तुम्ही चुकल्या, पण डावा हात ठाम होता.”

आता मधला संथ भाग घेतलाय. तीन मात्रांचा, पंचमाच्या घरातला, आणि डाव्या हाताला बहुतेक सगळा वेळ तेच अल्बर्टीचं काम. उजवा हात पुन्हा मांडीवर ठेवलाय.