अनोळखी माणूस ‘तू नरकात जाशील’ म्हणाला तर काय करायचं

रस्त्यात पत्रकं वाटणारा, गाडीत शेजारी बसलेला, दारावर आलेला, नाहीतर पोस्टखाली कमेंट टाकणारा कुणीतरी ऐकवतो की तुम्ही देव मानत नाही, किंवा भलत्याच देवाला मानता, म्हणून मेल्यावर तुमची धडगत नाही. नास्तिकांच्या वाट्याला हे येतं, तसं अहमदी, बहाई, याझिदी, यहोवाचे साक्षीदार (एक ख्रिस्ती पंथ) अशा संख्येने थोड्या असलेल्या श्रद्धावंतांच्याही वाट्याला येतं. पुढच्या सूचना दोघांसाठी आहेत. जिथे दोघांची वाट वेगळी होते, तिथे तसं सांगितलं आहे.

सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासायची: त्या बोलण्यात शिक्षा करणार कोण? देव करणार असेल तर ती त्या माणसाची श्रद्धा झाली. तो स्वतः किंवा त्याची माणसं करणार असतील तर ती धमकी झाली. ‘देव तुला सोडणार नाही’ आणि ‘आम्ही तुला सोडणार नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच आवाजात, एकाच रागाने कानावर आदळतात, म्हणून त्या क्षणी फरक कळत नाही. पण पुढचं सगळं, म्हणजे दुर्लक्ष करायचं की नोंद ठेवायची, निघून जायचं की पोलिसांकडे जायचं, यावरच ठरतं. ‘असल्यांना जगायचा हक्क नाही’, ‘याला धडा शिकवणाऱ्याला पुण्य लागेल’ अशा वाक्यांत करणारा मुद्दाम गाळलेला असतो. ती धमकीतच धरा. बोलणारा स्वतः काही करणार नसेलही, पण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला तरी तो मोकळीक देत असतो.

समोरासमोर असाल तेव्हा पहिल्या काही सेकंदांत चार गोष्टी बघा: माणसं किती आहेत, बाहेर पडायची वाट कुठे आहे, कुणी मोबाइलवर चित्रण करतंय का, आणि समोरचा अंगाला हात लावतोय का. चालत असाल तर थांबू नका. थांबलात की ऐकायला तयार आहात असा अर्थ घेतला जातो आणि नंतर निघणं अवघड होतं. थांबावंच लागलं तर दोन हात अंतर ठेवा आणि पूर्ण समोर उभं राहण्याऐवजी थोडं तिरकं उभं राहा. पाय निघायच्या दिशेला असले की शब्दांनाही बळ येतं.

बोलायचं वाक्य घरीच ठरवून ठेवा आणि दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. ‘मला या विषयावर बोलायचं नाही, धन्यवाद.’ एवढं पुरे. समोरच्याने पुन्हा काढलं की तेच वाक्य, तसंच, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा बोलायचं नाही, तिथून निघायचं. ठरवलेलं वाक्य लागतं, कारण भीतीच्या क्षणी नवे शब्द सुचत नाहीत. जे सुचतात ते एकतर माफी मागणारे असतात किंवा भांडण वाढवणारे.

कारण देऊ नका. प्रत्येक कारण हे पुढच्या प्रश्नाला दार उघडून देतं. ‘आत्ता वेळ नाही’ म्हटलं तर ‘मग उद्या येतो’. ‘माझा धर्म वेगळा आहे’ म्हटलं तर तुलना सुरू. ‘मी देव मानत नाही’ म्हटलं तर ‘का?’ आणि त्या ‘का’चं समाधान होईल असं उत्तर जगात नाही. शिवाय अनोळखी घोळक्यात स्वतःची श्रद्धा किंवा अश्रद्धा उघड करणं ही जोखीम आहे. ‘तुमचा धर्म कोणता?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं होत नाही. ज्यांना लपवणं टोचतं त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं: कुणाला, कुठे आणि कधी सांगायचं हे तुम्हीच ठरवायचं असतं.

बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे उलट टोमणा. ‘तुमचा देव एवढा चिडका कसा?’ हे वाक्य मनाला बरं वाटतं, पण चित्रणातून तेवढेच पाच शब्द कापून पसरवले जातात आणि आधीचा अर्धा तास कुणालाच दिसत नाही. ईशनिंदेचे कायदे कडक असलेल्या देशांत हे जिवावर बेतू शकतं. पाकिस्तानच्या दंडसंहितेत कलम २९५-सी खाली पैगंबरांच्या अवमानाला मृत्युदंड आहे. कायद्याच्याही आधी जमाव पोचतो: एप्रिल २०१७ मध्ये मर्दान इथल्या विद्यापीठात मशाल खान या विद्यार्थ्याला ईशनिंदेच्या आरोपावरून जमावाने ठार मारलं, आणि नंतरच्या तपासात त्या आरोपाला पुरावा मिळाला नाही. अशा ठिकाणी वादात उतरायचंच नाही, मग मुद्दा कितीही बिनतोड असो.

दुसरी चूक म्हणजे सुटका व्हावी म्हणून होकार देणं. ‘बरं, येईन एकदा’ म्हटलं की नंबर मागितला जातो, मग रोज मेसेज येतात, आणि आता नकार दिला तर शब्द फिरवल्याचा ठपका येतो. पत्रक घेऊन पुढे जायला हरकत नाही. नंबर, पत्ता, कामाचं ठिकाण आणि सोबत उभं राहून म्हटलेली प्रार्थना, यांतलं काहीही देऊ नका.

दवाखान्यातल्या खाटेवर असताना निघून जाता येत नाही. तिथे त्या माणसाशी बोलण्यात ताकद घालवू नका. बेल दाबा आणि नर्सला सांगा: ‘नातेवाईक सोडून कुणीही मला भेटायला नको, तशी नोंद करा.’ शुद्ध हरपण्याची शक्यता असेल, मोठं ऑपरेशन असेल, तर शेवटच्या काळात कोणते विधी हवेत किंवा नकोत हे आधीच लिहून, सही करून विश्वासातल्या माणसाकडे द्या.

सोबत मूल असेल तर सगळा क्रम बदलतो. लहान मूल ‘आगीत टाकतील’ हे शब्दशः घेतं, आणि त्याला त्याहून जास्त भीती आई-बाबांना टाकतील याची वाटते. आधी तिथून बाहेर पडा. मग बसून विचारा, ‘तुला काय ऐकू आलं? डोळ्यांसमोर काय आलं?’ त्याने जे सांगितलं असेल तेवढ्यालाच उत्तर द्या. ‘त्या काकांना तसं वाटतं. आपण तसं मानत नाही. तुला, मला, बाबांना कुणी जाळणार नाही.’ श्रद्धाळू घर असेल तर ‘आपला देव तुझ्यावर रागावलेला नाही’ असं म्हणा. ‘तो वेडा होता’, ‘ते लोक वाईटच’ असं सांगू नका. उद्या त्याच धर्माची मैत्रीण वर्गात शेजारी बसणार असते. हाच प्रश्न मूल रात्री झोपताना पुन्हा पुन्हा काढेल. दरवेळी त्याच शब्दांत, न वैतागता उत्तर द्या. काही आठवडे उलटले तरी झोप उडालेली असेल किंवा अंथरूण ओलं होऊ लागलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

इंटरनेटवर क्रम महत्त्वाचा: आधी पुरावा, मग तक्रार, शेवटी ब्लॉक. उलट केलंत तर ब्लॉक केल्यावर त्याचं खातं तुम्हालाच दिसेनासं होतं आणि तक्रार झाल्याचा वास लागताच तो मजकूर काढून टाकतो. स्क्रीनशॉट घेताना खात्याचं नाव, तारीख, वेळ आणि वरचा-खालचा मजकूर दिसला पाहिजे. प्रोफाइलचा आणि त्या कमेंटचा दुवा वेगळा कॉपी करून ठेवा, कारण दाखवायचं नाव बदलता येतं. लांबलचक संभाषण असेल तर स्क्रीन रेकॉर्ड करा. हे सगळं दोन ठिकाणी साठवा, आणि एका वहीत किंवा शीटमध्ये तारीख, वेळ, खातं, नेमके शब्द, तुम्ही काय केलंत अशा रकान्यांत मांडा. एकेक सुटा मेसेज किरकोळ वाटतो. एकाच माणसाचे पंधरा मेसेज ओळीने मांडले की पिच्छा दिसतो, आणि तक्रार घेणाऱ्याला तोच दिसायला हवा.

‘तू नरकात जाशील’ एवढ्या वाक्यावरून सहसा कुठलाही प्लॅटफॉर्म खातं बंद करत नाही. म्हणून तक्रारीत योग्य प्रकार निवडा: मेसेज वारंवार येत असतील तर छळ, धर्मावरून शिवीगाळ असेल तर द्वेष, मारण्याची भाषा असेल तर हिंसेची धमकी. उत्तर देऊ नका. उत्तराने ती कमेंट वर येते आणि आणखी दहा जण गोळा होतात. अनोळखी लोकांच्या मेसेज रिक्वेस्ट बंद करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा, फोटोंवरचं ठिकाण काढा, स्वतःचं नाव आणि नंबर सर्च करून पत्ता कुठे उघडा पडलाय ते बघा. धमक्यांवर लक्ष ठेवणं भाग असेल तर ते वाचायचं काम एखाद्या मित्राकडे द्या. रोज सकाळी स्वतःच्या मरणाची वर्णनं वाचत बसायची सक्ती कुणावर नसावी.

प्रकरण गंभीर होतंय हे काही खुणांवरून कळतं: ‘देव’ची जागा ‘आम्ही’ घेतो, वेळ किंवा ठिकाण सांगितलं जातं, तुमच्या घराचा, गाडीचा, मुलांच्या शाळेचा उल्लेख येतो, फोटो फिरू लागतो, इतरांना आवाहन केलं जातं. यांतली एकही खूण दिसली तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा, पोच घ्या, आणि काही दिवस जाण्यायेण्याच्या वेळा आणि रस्ते बदला. ‘इंटरनेटवर सगळेच बोलतात’ असं म्हणून हे सोडून देऊ नका. बांगलादेशी वंशाचे नास्तिक लेखक अभिजित रॉय यांचा फेब्रुवारी २०१५ मध्ये ढाक्यात पुस्तक मेळ्यातून परतताना खून झाला. त्याआधी त्यांना इंटरनेटवर उघडपणे जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या गेल्या होत्या.

कायदा देशागणिक बदलतो, पण एक आंतरराष्ट्रीय पाया आहे. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १८ नुसार धर्म किंवा श्रद्धा निवडण्याच्या स्वातंत्र्यावर घाला येईल अशी सक्ती कुणावरही करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये स्पष्ट केलं की हे संरक्षण नास्तिकांना आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांनाही आहे. भारतात भारतीय न्याय संहितेचं कलम ३५४ (जुन्या दंडसंहितेचं ५०८) थेट याच विषयावर आहे: ‘मी सांगतो तसं केलं नाहीस तर माझ्या कृतीने तुझ्यावर दैवी कोप ओढवेल’ असं भासवून एखाद्याला काही करायला किंवा सोडायला लावणं हा गुन्हा आहे, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘माझ्या कृतीने’ हा भाग महत्त्वाचा. नुसतं ‘देव तुला शिक्षा करेल’ म्हणणं त्यात बसत नाही.

आणि ते बसू नये असंच आमचं मत आहे. प्रचार करणाऱ्यालाही हक्क आहे, आणि अनेकदा तो स्वतःच अल्पसंख्य असतो. ग्रीसमधले यहोवाचे साक्षीदार मिनोस कोक्किनाकिस यांना धर्मप्रचारासाठी साठाहून अधिक वेळा अटक झाली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण श्रद्धा सांगणं वेगळं आणि दबाव किंवा आमिषाने गळी उतरवणं वेगळं, अशी रेघही ओढली. तुमची तक्रार त्या रेघेच्या पलीकडच्या वागण्याबद्दल असू द्या: पाठलाग, अडवणं, हात लावणं, नाही म्हटल्यावरही चालू ठेवणं.

माणूस निघून जातो, भीती मात्र मागे उरते, विशेषतः लहानपणी नरकाची वर्णनं ऐकत वाढलेल्यांच्या मनात. विचाराने तुम्ही ते कधीच सोडलेलं असतं, तरी छाती धडधडते. त्या धडधडीचा अर्थ ‘मनात कुठेतरी मला ते खरं वाटतं’ असा लावू नका. बालपणी जोडली गेलेली भीती शरीर तशीच परत आणतं, आणि त्यावरून नरक असल्या-नसल्याचं काहीच सिद्ध होत नाही. त्या वेळी स्वतःशी वाद घालू नका. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. वाद सकाळी घाला.

सकाळी घालायला मुद्दे भरपूर आहेत. ‘मानून बघ, खरं निघालं तर वाचशील’ हा युक्तिवाद सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच विचारवंताच्या नावाने ओळखला जातो. अठराव्या शतकात दिदेरो या फ्रेंच तत्त्वज्ञाने त्याला उत्तर दिलं की इमामही हेच म्हणू शकतो. एकाचा नरक टाळायला गेलात की दुसऱ्याच्या नरकात जाता, आणि हे तुम्हाला घाबरवणाऱ्यालाही तितकंच लागू आहे. श्रद्धावंत अल्पसंख्याकांना मात्र या मुद्द्याने दिलासा मिळत नाही. त्यांनी आपल्याच परंपरेतल्या जाणत्या माणसाशी बोलावं. परंपरांच्या आतही नरकाबद्दल एकमत नाही: जैन आणि बौद्ध परंपरांत नरकातला काळ कितीही लांब असला तरी संपतो, तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन अखेरीस सगळ्यांच्या उद्धाराची आशा धरतो, आणि कुराणात (२:२५६) धर्मात सक्ती नाही असं म्हटलं आहे. हे स्वतःच्या मनासाठी वापरा. रस्त्यावरच्या माणसाला त्याचाच ग्रंथ शिकवायला जाऊ नका, त्यातून अर्ध्या तासाचं भांडण होतं.

भीतीपोटी तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणावी लागत असेल, ‘मी पापी नाही ना?’ असं घरच्यांना दिवसातून अनेकदा विचारलं जात असेल, रात्रभर मोबाइलवर उत्तरं शोधली जात असतील, तर तो धार्मिक विषयांतला ओसीडी (नको असलेले विचार आणि त्यांपोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) असू शकतो. त्यात धीर देत राहिल्याने त्रास वाढतो, कारण प्रत्येक दिलासा तासाभरात विरतो आणि नवा लागतो. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं पण ती शमवणारी कृती करायची नाही, ही उपचारपद्धती त्यावर वापरतात. मानसोपचारतज्ज्ञ निवडताना पहिल्याच भेटीत विचारा: ‘मी धर्म मानत नाही’ किंवा ‘माझा धर्म अमुक आहे, तुम्हाला अडचण नाही ना?’ उत्तरात उपदेश आला तर दुसरा बघा.

दुसऱ्या कुणाला असं घेरलेलं दिसलं तर प्रचारकाशी बोलू नका. थेट त्या व्यक्तीजवळ जाऊन उभं राहा आणि भलताच विषय काढा: ‘अहो, किती वेळ शोधतोय तुम्हाला, चला.’ पुढच्या चौकापर्यंत सोबत चाला. तिथे विचारा, तुम्हाला मी साक्षीदार म्हणून हवा आहे का. हो म्हणाली तर तुमचा नंबर द्या आणि जे पाहिलं-ऐकलं ते त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून काढा, ऐकलेले शब्द जसेच्या तसे.