भागीदारीत जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकताना

फ्लिपिंगचा, म्हणजे घर घेऊन, दुरुस्त करून लगेच विकण्याचा, हिशेब उलटा करायचा असतो. घर कितीला मिळतंय हे नंतर. दुरुस्त झाल्यावर ते कितीला जाईल, तिथून सुरुवात. त्यासाठी गेल्या सहा महिन्यांत त्याच वस्तीत पूर्ण झालेले किमान तीन-चार व्यवहार शोधा. क्षेत्रफळात १५-२० टक्क्यांहून जास्त फरक नको, खोल्या तेवढ्याच हव्यात. जाहिरातीतले भाव धरू नका, ती मालकाची अपेक्षा असते. आलेल्या आकड्यांतला सगळ्यात वरचा पकडायचा मोह होतो, मधला पकडा.

आता हा विक्रीभाव १०० धरा. या धंद्यात वापरला जाणारा ७० टक्क्यांचा ठोकताळा सांगतो: १०० चे ७०, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा. दुरुस्ती १५ असेल तर घरासाठी जास्तीत जास्त ५५ द्यायचे. उरलेले ३० म्हणजे नफा नव्हे. खरेदीचे कर, नोंदणी आणि वकील ४. दुरुस्तीत निघणाऱ्या अनपेक्षित कामांसाठी ३. आठ महिन्यांचं व्याज, विमा, मालमत्ता कर, वीज-पाणी मिळून ५. विक्रीची दलाली आणि कागदपत्रं ५. एकूण ८७ गेले, करापूर्वी १३ राहिले. तुमच्या भागातले कर आणि व्याजदर घालून हे आकडे पुन्हा मांडा.

मांडणी वाईट दिवसाचीही करा. घर ९३ ला गेलं आणि चार महिने जास्त लागले, तर ताब्याचा खर्च (व्याज, विमा, मालमत्ता कर, वीज-पाणी) २.५ ने वाढतो आणि नफा ३.५ वर येतो. तेच घर हौसेने ६२ ला घेतलं असतं तर ३.५ खिशातून गेले असते. म्हणून बोली लावण्याआधी कमाल आकडा सगळ्या भागीदारांनी लिहून सह्या करायच्या. लिलावात किंवा दुसरा गिऱ्हाईक पुढे आल्यावर "अजून थोडं वाढवू" म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असतोच.

घर बघायला जाताना

टॉर्च, टेप, गोटी आणि ओल मोजायचं यंत्र सोबत घ्या. गोटी फरशीवर ठेवली की उतार कळतो. सगळे नळ एकदम उघडा आणि फ्लश सोडा. दाब पडला किंवा पाणी तुंबलं तर नळकामाचा खर्च धरा. कपाटांच्या मागे आणि सिंकखाली बघा. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर त्याखाली ओल आहे असं समजून चाला. केसासारख्या चिरा बहुधा गिलाव्याच्या असतात. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा ५ मिमीहून रुंद भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च ठरते.

मालकी हक्क, घरावरचा बोजा, थकलेला कर, विनापरवाना वाढवलेली खोली आणि सगळ्या सहमालकांच्या सह्या वकिलाकडून तपासून घ्या. विनापरवाना बांधकाम असलं की पुढच्या गिऱ्हाइकाचं कर्ज अडकतं, म्हणजे तुमची विक्रीच अडकते.

पहिल्या घराला रंग, फरशी, स्वयंपाकघर आणि बाथरूम एवढंच काम असावं. भिंती हलवायच्या किंवा मजला चढवायचा असेल तर ते घर दुसऱ्याला घेऊ द्या.

भागीदारीचा कागद

बहुतेक वेळा एकाकडे पैसा असतो, दुसऱ्याकडे वेळ आणि कामाची जाण. "अर्धा-अर्धा" हे ऐकायला सोपं आहे आणि भांडणाची सुरुवातही तिथेच होते. वरच्याच घरात दोघांचं मिळून ४० भांडवल आहे, बाकी कर्ज. पैसेवाल्याचे ३६, काम बघणाऱ्याचे ४. ठरलंय असं की आधी भांडवलावर वार्षिक ८ टक्के, मग उरलेलं निम्मं-निम्मं. आठ महिन्यांत १३ सुटले तर भांडवलाचा परतावा २.१३ जातो आणि शेवटी पैसेवाल्याला साधारण ७.३५, दुसऱ्याला ५.६५ मिळतात. ठीक आहे. पण बारा महिने लागून ३.५ च सुटले, तर परताव्यातच ३.२ जातात. पैसेवाल्याला ३.०३ मिळतात, वर्षभर साइटवर उभ्या राहिलेल्या माणसाला ०.४७. तो सातव्या महिन्यापासूनच यायचा कमी होतो. उपाय साधा आहे: देखरेखीचा ठरावीक मोबदला प्रकल्पाच्या खर्चात धरा, नफ्याचा वाटा त्यानंतर. मात्र ठरलेल्या मुदतीपुढे तो मोबदला बंद, नाहीतर काम लांबवण्यातच फायदा दिसू लागतो.

खर्च वाढून पैसे कमी पडले तर कोण किती घालणार, आणि एकाने घातले नाहीत तर काय, हेही त्यातच लिहा. दुसऱ्याने भरलेली रक्कम जास्त व्याजाचं कर्ज धरायची की पहिल्याचा हिस्सा कमी करायचा, यातलं एक आधीच निवडा. एका सहीवर किती रकमेपर्यंत खर्च चालेल, भागीदार मरण पावला तर वारसांना हिशेबाचे पैसे मिळतील की निर्णयात मतही, विक्रीभाव कोण ठरवेल, सगळं आलं पाहिजे.

फारकतीसाठी एक जुनी तरतूद आहे: एकाने किमतीचा आकडा सांगायचा, दुसऱ्याने त्या भावाने हिस्सा घ्यायचा की द्यायचा ते ठरवायचं. आकडा आपोआप रास्त राहतो. पण ज्याच्या हातात रोकड आहे त्यालाच ती धार्जिणी असते, म्हणून दुसऱ्याला पैसे उभे करायला ३० ते ४५ दिवस द्या.

साध्या भागीदारीत कर्ज बुडालं तर कर्ज देणारा पूर्ण रकमेसाठी कुणाही एका भागीदाराला धरू शकतो, त्याचा हिस्सा १० टक्के असला तरी. म्हणून मर्यादित दायित्वाची संस्था काढायची का हे खरेदीआधी विचारा. तरीही बँक वैयक्तिक हमी मागतेच. ती कोण देणार तेही लिहा. प्रकल्पाचं बँक खातं वेगळं हवं. स्वतःच्या खात्यातून "तात्पुरते" दिलेले पैसे नंतर कुणालाच जुळवता येत नाहीत.

काम

कंत्राटदाराला "बाथरूम नवीन करा" असं सांगू नका. किती चौरस मीटर फरशी, कोणत्या मापाची, किती नळ, किती वीज-पॉइंट, राडारोडा कोण उचलणार, असं लेखी द्या आणि तीन दरपत्रकं त्याच यादीवर मागा. उचल १० टक्क्यांपर्यंत, पुढचे हप्ते काम पूर्ण होईल तसे, आणि शेवटचे ५ ते १० टक्के बारीकसारीक त्रुटी निघेपर्यंत राखून. वाढीव काम लेखी मंजुरीशिवाय नाही.

क्रम असा: तोडफोड, गळती आणि ढाच्याची दुरुस्ती, भिंतीतले पाइप आणि वायरिंग, जलरोधक थर, गिलावा, फरशी, रंगाचा पहिला हात, सुतारकाम, फिटिंग, शेवटचा हात. भिंत बुजवण्याआधी पाइप दाबाखाली तपासा आणि प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. नंतर आरसा टांगताना पाइपला भोक पडत नाही.

बाथरूममध्ये घाई सगळ्यात महाग पडते. जलरोधक थर भिंतीवर किमान १५ सेंमी चढलेला हवा, शॉवरजवळ डोक्याच्या उंचीपर्यंत. थर वाळला की जाळीचं तोंड बंद करून ३-४ सेंमी पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि ४८ तास थांबा. रेघेखाली थोडं पाणी बाष्पीभवनानेही जातं, म्हणून खालच्या छताकडेही बघा. फरशीला जाळीकडे दर मीटरला १ ते १.५ सेंमी उतार ठेवा. हे दोन दिवस वाचवले तर ओल नेमकी गिऱ्हाईक घर बघायला येतं तेव्हा उमटते. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर रंगाची घाई केली तरी तेच. साधारण चार आठवडे वाळू दिला नाही तर पोपडे धरतात.

घर रिकामं असताना नेहमीचा विमा अनेकदा लागू पडत नाही. बांधकाम चालू असलेल्या रिकाम्या घराचा वेगळा विमा ताबा घ्यायच्या दिवसापासून हवा.

विक्री

भाव कधी उतरवायचा हे करारातच ठरवा. तीन आठवड्यांत बोली नाही तर ३ टक्के, पुढच्या तीन आठवड्यांत पुन्हा तेवढेच, असा काहीतरी नियम. आयत्या वेळी चर्चेला बसलं की वाट बघण्याच्या बाजूने मत पडतं आणि व्याज चालू राहतं. भाड्याने द्यायचा पर्याय ठेवत असाल तर भाडं व्याजाला पुरतं का हे खरेदीपूर्वी मोजा. पुरत नसेल तर तो पर्याय नाही.

वारंवार घरं घेऊन विकणाऱ्याचा नफा अनेक देशांत धंद्याचं उत्पन्न धरला जातो आणि त्यावर कर वेगळा बसतो, तेव्हा वाटप कर बाजूला काढूनच करा. शिवाय गिऱ्हाइकाने दाखवलेल्या दोषांसाठी आणि उशिरा येणाऱ्या बिलांसाठी नफ्यातला १० टक्के भाग तीन महिने प्रकल्पाच्या खात्यातच राहू द्या. तो वाटून झाला की खातं बंद करा आणि पुढच्या घरासाठी नवं उघडा.