गिनी पिगच्या दाढांच्या उपचारानंतर भूक परतावी म्हणून करायची तयारी

गिनी पिगचे सगळे २० दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि दाढा पुरेशा झिजल्या नाहीत तर खालच्या दाढा आत वळून जिभेला दाबून धरतात. पशुवैद्य भूल देऊन त्या घासून देतात. पण तोंडातले दुखणे आणि बरेच दिवस नीट न चावल्याने अशक्त झालेले जबड्याचे स्नायू यांमुळे भूक लगेच परतत नाही. आतड्यांना मात्र सतत चोथ्याचे अन्न लागते; ते थांबले की पोटात वायू धरतो, हालचाल मंदावते आणि यकृतावरही ताण येतो. म्हणून हाताने भरवण्याची सगळी तयारी आदल्या दिवशीच पूर्ण असावी.

पहिले काम पशुवैद्यांशी बोलण्याचे. गिनी पिगला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यामांजरांप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवणे हिताचे नसते. शेवटचे खाणे केव्हा द्यायचे ते नेमके विचारून घ्यावे. घरी द्यायचे वेदनाशामक आणि त्याचे वजनानुसार प्रमाण लिहून घ्यावे, कारण दुखणारे तोंड खात नाही. माणसांची औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. पेनिसिलिन गटातली प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास गिनी पिगच्या जिवावर बेतू शकते. रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा, हेही ठरलेले असावे.

ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून उपचाराआधीचे वजन टिपून ठेवावे आणि पुढे रोज ठरावीक वेळी वजन करावे. बाऊलमधला पाला कमी झाल्याचे पाहून फसगत होते, कारण प्राणी तो ओढतो, हुंगतो आणि न गिळता टाकतो; भरवसा वजनावरच ठेवावा.

भरवण्यासाठी तृणभक्षी प्राण्यांसाठीची तयार खाद्यभुकटी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास त्याच्या नेहमीच्या पेलेट्स (दाबून बनवलेल्या खाद्याच्या कांड्या) बारीक दळून कोमट पाण्यात भिजवाव्यात. एक मिलिलिटरच्या सिरिंजा चार-पाच आणाव्यात, कारण चोथ्याने त्या अडतात. दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ८० मिलिलिटर पातळ लापशी लागते. म्हणजे ९०० ग्रॅमच्या प्राण्याला ४५ ते ७२ मिलिलिटर, आणि ती पाच-सहा वेळांत विभागून द्यावी लागते. सुरुवातीला त्यांतली एक वेळ रात्रीची असते, तेव्हा घरात कोण केव्हा उठणार हे आधीच वाटून घ्यावे.

भरवताना प्राण्याला कधीही उताणे धरू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर सरळ बसवावे, पटाशीच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून सिरिंज बाजूने आत घालावी आणि अर्धा मिलिलिटर सोडून तो चावून गिळेपर्यंत थांबावे. घाई केल्यास अन्न श्वासनलिकेत जाते. उपचाराआधी काही दिवस नुसत्या पाण्याने हा सराव केला, तर दोघांचीही भीती जाते.

क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, आणि पुरेसे खात नसेल तेव्हा ते वेगळे द्यावेच लागते. मात्रा पशुवैद्यांकडून घ्यावी, पण पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, तिथे ते लवकर निष्प्रभ होते. समोर ठेवण्यासाठी कोवळ्या दूर्वा, कोथिंबीर आणि सिमला मिरचीच्या अगदी पातळ चिरा असाव्यात. टिमोथी गवत (चाऱ्याचे एक वाळवलेले गवत) मात्र कायम समोर हवे, कारण दाढांची झीज त्यानेच होते. अंथरूण मऊ आणि कोरडे ठेवावे, खोली उबदार पण तापलेली नसावी. एकत्र राहणारा जोडीदार शक्यतो जवळच ठेवावा, त्याला खाताना पाहून हाही तोंड घालतो.

लेंड्यांवर रोज लक्ष ठेवावे. त्या लहान, कोरड्या किंवा मोजक्याच दिसल्या, पोट फुगले, किंवा प्राणी सिरिंजलाही तोंड उघडेना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे. वजन सलग काही दिवस टिकले आणि तो स्वतः गवत चावू लागला, की आधी रात्रीची वेळ बंद करावी, मग एकेक वेळ कमी करावी. मध्येच वजन उतरले तर लगेच पुन्हा वाढवावी.