बार्लीचं माल्ट, एक पातेलं आणि 67 अंश

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. म्हणून ठाण्या-वाशीच्या फ्लॅटमध्ये हे काम यीस्ट घालण्याआधीच थांबवायचं. ऑल-ग्रेनचा, म्हणजे तयार अर्क न वापरता थेट धान्यापासून बिअर करण्याच्या पद्धतीचा, खरा कस तोवर लागून गेलेला असतो. धान्यातल्या स्टार्चची साखर होण्याची पायरी, म्हणजे मॅशिंग, इथवर पुरी होते आणि हाती येणारं गोड माल्टपाणी गार करून प्यायला छानच लागतं.

फिकं बार्ली माल्ट 1 किलो घ्या. साधी बार्ली चालणार नाही. मोड आणून वाळवलेल्या दाण्यातच, म्हणजे माल्टमध्येच, स्टार्चची साखर करणारे पुरेसे एन्झाइम असतात. पावसाळ्यात दाणा चावून पाहा: कुरकुरला तर चांगला, मऊ लागला तर हवा लागलेली आहे.

भरडणं नीट जमलं की अर्धं काम झालं. दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत, साल मात्र शक्य तितकी अखंड राहावी. त्यासाठी किलोला 20 मिली पाणी शिंपडून 10 मिनिटं ठेवा, साल चिवट होते. मग मूठमूठ माल्ट मिक्सरमध्ये क्षणभर फिरवा आणि थांबा. पीठ झालं तर फडक्यात लगदा बसतो, पाणी गळतच नाही.

8 लिटरच्या पातेल्यात 3 लिटर पाणी 72 अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करा. थंड देशांतल्या कृतींत हा आकडा थोडा जास्त असतो, कारण तिथलं धान्य गार असतं. आपल्याकडचं 30 अंशांचं. मलमलच्या पिशवीत भरड घालून ती पाण्यात सोडा, गुठळ्या मोडा. तापमान 67 वर यायला हवं. झाकण लावून पातेलं गोधडीत गुंडाळा आणि 60 मिनिटं ठेवा. मध्ये एकदा तपासा. 63 पर्यंत उतरलं असेल तर साधारण 400 मिली उकळतं पाणी घालून ढवळा. 72 च्या वर गेलं असेल तर लगेच गार पाणी घाला. बीटा-अमायलेज हे त्यातलं एक एन्झाइम त्या उष्णतेत काही मिनिटांत निकामी होतं आणि नंतर गार करून ते परत येत नाही.

तासाभराने पांढऱ्या बशीत थेंबभर पाणी घेऊन त्यावर आयोडीन टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च उरलाय, आणखी 15 मिनिटं द्या. बशीतलं फेकून द्या.

आता पिशवी चाळणीवर ठेवून 75 अंशांचं 4 लिटर पाणी हळूहळू ओता. उकळतं पाणी ओतलं तर सालीतलं टॅनिन उतरतं आणि जिभेला तुरट लागतं.

गाळलेलं पाणी 45 मिनिटं उकळा. पहिल्या उकळीला फेस झपाट्याने वर येतो, तेव्हा पातेल्याजवळून हलू नका. शेवटच्या 5 मिनिटांत गवती चहा आणि आलं घाला. साधारण साडेचार-पाच लिटर उरतं. हायड्रोमीटर (साखरेमुळे वाढलेली घनता मोजणारी तरंगती नळी; साध्या पाण्यात 1.000 दाखवते) 1.045 च्या आसपास दाखवेल. गरम असताना मोजलं तर आकडा कमी दिसतो.

उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट असतं, त्यामुळे पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा. स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. घट्ट झाकणाची बाटली ओट्यावर कधीच ठेवू नका: हवेतलं यीस्ट शिरलं तर ती फुटू शकते. बुडबुडे दिसले तर ओतून द्या.

पिशवीतला चोथा थालीपिठाच्या भाजणीत मूठभर घाला.